उजवीकडची खुर्ची

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर धरून त्या चालायलाही लागल्या. पण त्यानंतर त्या कोणाच्या घरी म्हणून गेल्या नाहीत. लग्नं झाली, बारशी झाली, सख्ख्या पुतण्याची तेरवी झाली, तरी आई दिग्रसमधून हलल्या नाहीत. नातेवाईक म्हणायचे, बुढी मनानं खचली. खचली वगैरे काही नव्हती. दारात बसून अख्ख्या गल्लीवर नजर ठेवून होती. कारण साधं होतं. त्यांना उकिडवं बसता येत नव्हतं.

आमच्या घरी मी कमोड बसवून घेतला. पण खेड्यापाड्यांतले संडास जमिनीलगतचे असतात, बहुतेक अंगणाच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून. म्हणून मी औषधाच्या दुकानातून कमोडची खुर्ची आणली. बसायला भोक, खाली बादली. म्हटलं, "आई, हे गाडीत टाकू आन् जाऊ कुठंबी."

"कोनाच्या घरी मांडशीन ते?" त्यांनी विचारलं.

"जिथं जाऊ तिथं. मोरीत."

"लोकायच्या मोरीत? अन् बादली कोन नेईन, त्याईची सून? मले नाई जाऊ लागत कुठं."

विषय संपला. खुर्ची माळ्यावर गेली.

आईंना एकच बहीण, धाकटी. ती झरी जामणीकडच्या जंगलाजवळच्या एका खेड्यात राहते. तिचेही गुडघे गेलेले. दोघी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या; काय शिजवलं, कोण आलं, कोणाची म्हैस व्याली. एकदा मी पोळ्या लाटत होते आणि फोन स्पीकरवर होता. मावशी म्हणाली, "तू येत नाई, मी येत नाई. आता एकीच्या मातीलेच दुसरी येईन, तेबी कोनी आनलं तं." आईंनी फोन ठेवला आणि ताट तसंच सरकवलं. एखाद्या वेळच्या जेवणावरून मी काही अर्थ काढत बसत नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाही अर्धा राहिला, तेव्हा मी ठरवलं की बाईला तिची स्वतःची मोरीच सोबत द्यायची.

आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. पाइप आणायला दोन चाकांची एक ट्रॉली आहे, जीपच्या मागे हुकानं जोडायची. गावाबाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवणारा एक कारखानदार आमचं जुनं गिऱ्हाईक. त्याला म्हटलं, हिच्यावर पत्र्याची खोली उभी करून दे. त्यानं करून दिली. आत डावीकडे खाट, खाटेखाली मोकळी जागा, उशाशी गॅसची शेगडी आणि देवाचा फोटो. उजवीकडे पत्र्याचा आडोसा, त्यात खुर्ची, खुर्चीच्या वर पाण्याची टाकी. गल्लीतल्या पोरांनी त्या खोलीला डब्बा म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव राहिलं.

डब्बा ताब्यात देताना तो म्हणाला, "वहिनी, वजन चाकाच्या वर ठेवजा, जरासं पुढं. मांगं नोको. अन् दोन्ही बाजू सारख्या ठेवजा. मी एकाकडं खाट देली, एकाकडं टाकी देली, ते त्याच्यासाठीच. एका बाजूले भार झाला का हे झोल घेते, इकडून तिकडं डुलाले लागते."

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. ते हसले. "सारी जिंदगी घाटातून बस नेली मी. हे डबडं मले काय झोल दाखवते?"

"भाऊ, बसची मांगची चाकं बसचीच असते. याची चाकं याची सवताची हायेत," तो म्हणाला. यांनी मान हलवली. एखाद्या पॅसेंजरनं रस्ता सांगावा आणि ड्रायव्हरनं मान हलवावी, तशी.

तूर घरात आल्यावर आम्ही निघालो. चालत्या डब्ब्यात कोणी बसायचं नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. आई जीपच्या मधल्या सीटवर, पाय लांब करून, पाठीला उशी. मी पुढे. आर्णीच्या अलीकडे पहिला थांबा घेतला. आई वॉकर धरून डब्ब्यात गेल्या, दार लावून घेतलं. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चाला, आता आर्नीवालीकडं चहा घेऊ." गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी कोणाच्या घरी चहा घेण्याची गोष्ट काढली नव्हती. बाहेर जायचं म्हटलं की त्या आदल्या दिवसापासून पाणीच पीत नसत.

तिथूनच गडबड सुरू झाली. म्हातारी बाई इतक्या वर्षांनी उंबऱ्याशी आली म्हणजे आमच्याकडे तिला रिकामी पाठवत नाहीत. आईंच्या आर्णीच्या पुतणीनं तुरीचा कट्टा, म्हणजे छोटं पोतं, दिला. पुढच्या गावच्या त्यांच्या दिरानं ज्वारी दिली, शिवाय डाळ, शिवाय लोणच्याची बरणी. घाटंजीला तर दोन्ही पुतण्यांत चढाओढ लागली. मी एरवी नको म्हटलं असतं. पण आई सगळं घेत होत्या आणि त्यांचं त्यामागे काहीतरी चाललं होतं.

"इतकं कायले आई? घरी पोतं भरलेलं हाय तुरीचं," मी विचारलं.

"हे घरी नाई न्यायचं. तिच्याकडं न्यायचं," त्या म्हणाल्या. "मायबाप नाई राह्यले, भाऊ नाई. तिचं माहेर म्हनजे मीच. माहेर काय खाली हातानं जाते?"

मी लोणच्याची बरणी फडक्यात गुंडाळून ठेवली.

प्रत्येक घरी एक मुक्काम, रात्री आई डब्ब्यातल्या खाटेवर; आणि प्रत्येक घरी तेच घडायचं. कोणीतरी तगडा माणूस खांद्यावर कट्टा घेऊन डब्ब्यात शिरायचा. उजवीकडे खुर्ची दिसायची. तो डावीकडे वळायचा. कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. संडासाच्या खुर्चीशेजारी धान्य कोणी ठेवत नाही, एवढंच. खाटेखालची जागा भरली, मग पायथा भरला, मग गाद्यांची जागा भरली. आईंना खुर्चीवरच्या टाकीतलं पाणी प्यायला चालत नव्हतं, म्हणून पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅनही डावीकडेच. उलट टाकीतलं पाणी मी बादली धुण्याला वापरत होते, म्हणजे उजवी बाजू रोज हलकी होत होती. त्या खुर्चीला स्वतःचं वजन असं काही नव्हतं, एका हातानं उचलता येत होती. पण तिनं सगळं वजन पलीकडे ढकललं.

घाटंजीला मी पुतण्याला म्हटलं, "भाऊ, दोनेक कट्टे इकडं ठेवा ना, आडोशाजवळ."

त्यानं खांद्यावरचा कट्टा न उतरवता माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, खायचं हाय ते."

जीपमधून आईंचा आवाज आला, "सूनबाई!" एवढंच. कट्टे डावीकडे गेले.

घाटंजी सोडल्यावर रस्ता चांगला लागला. आमचे हे खुशीत होते. घरोघर लोकांनी डब्बा आत शिरून पाहिला होता, तारीफ केली होती. उतार लागला तशी गाडीनं वेग घेतला आणि मागून आलेला एक ट्रक आम्हाला घासून पुढे गेला. त्याच्या वाऱ्यानं डब्ब्याला ढोसणी बसली. आधी जीपचा मागचा भाग कोणीतरी शर्टाला धरून ओढावं तसा डावीकडे ओढला गेला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, जास्त. आरशात मला डब्ब्याची एकदा ही भिंत दिसत होती, एकदा ती. यांनी ब्रेक दाबला आणि ते अजूनच वाढलं; मागचं सगळं वजन पुढे धावून येत होतं आणि जीपला बाजूला लोटत होतं. "माय, धरून बस!" हे ओरडले. नंतर यांचा पाय ब्रेकवरून निघाला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं, आणि गाडी आपोआप मंदावत गेली तसा डब्बा शांत झाला. आम्ही एका पळसाखाली थांबलो.

कोणाला काही लागलं नव्हतं. आईंची उशी खाली पडली होती, ती मी उचलून दिली. यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलेलंच होतं. 

"वापस जाऊ," ते म्हणाले. "हळूहळू नेतो घरी. मायले घेऊन हा जुगार नाई खेळत मी."

मागून आई म्हणाल्या, "मंग घरी गेलं का तो डब्बा मोडून टाका. पाइप आनाले कामी येईन ट्रॉली."

आवाज साधाच होता, भाजी संपली म्हणावं तसा. पण त्यांना मी ओळखते. आज परत फिरलो असतो तर त्या पुन्हा कधीच निघाल्या नसत्या. खुर्ची माळ्यावर गेली असती, आणि मावशी म्हणाली होती तेच खरं झालं असतं.

मी खाली उतरले. मागे जाऊन उभी राहिले तर डब्बा चक्क डावीकडे कललेला. डाव्या चाकावरचे स्प्रिंगचे पाटे दबून सपाट झाले होते, उजवीकडचे आरामात वाकलेले. डाव्या टायरला हात लावला, ठेववला नाही. उजवा टायर नुसता कोमट. त्यातून आपले रस्तेही कडेला उतरते असतात, डाव्या अंगाला. म्हणजे भार डावीकडे, उतारही डावीकडे, आणि उजवं चाक नावापुरतं जमिनीला टेकलेलं. असल्या डब्ब्याला ट्रकचा वारा पुरतोच.

यांना बोलावून दाखवलं. ते खाली वाकले, टायरला हात लावला, झटकला. "तो बरोबर म्हनत होता," ते कारखानदाराबद्दल म्हणाले. टोमणा मारायची ती वेळ नव्हती; मी कट्टे मोजायला लागले.

जीपमध्ये एखाद-दुसरा कट्टा बसला असता, पण मग आईंचा पाय मुडपावा लागला असता आणि तो मुडपत नाही. काही कट्टे जवळच्या कोणाच्या शेतात ठेवून जाऊ म्हटलं, तर आई म्हणाल्या, "माहेरचं नेनं अर्ध्या रस्त्यात उतरवू?" राहिली उजवी बाजू.

"माय, बादली धुतलेली हाय. फिनाईलनं," हे खिडकीशी जाऊन म्हणाले.

"तू खाशीन का ते दाने?"

"खाईन ना."

"तुही गोष्ट सांगू नोको. तू लहानपनी भिंतीची मातीबी खायचा."

मला हसू आलं, पण ऊनही चढत होतं. मी खिडकीत वाकून सरळ सांगितलं, "आई, आयका. दाने डावीकडं राह्यले तं आपन दिग्रसले जातो. दाने दोन्हीकडं सारखे झाले तं मावशीकडं जातो. तिसरं काई नाई. तुमी सांगा."

त्या समोरच्या कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "वॉकर दे."

आम्ही त्यांना उतरवलं. एकेक पाऊल टाकत त्या डब्ब्याच्या दाराशी गेल्या आणि आत पाहू लागल्या: खाट, कट्ट्यांची रास, बरणी, देव, इकडे रिकामा आडोसा आणि खुर्ची. वाण्याच्या तराजूकडे बाया पाहतात तसं त्यांनी पाहिलं.

"खुर्ची इकडं आन," त्या म्हणाल्या. "माह्या खाटेखाली."

"खाटेखाली?" हे म्हणाले. "तू झोपशीन त्याच्यावर?"

"झोपीन. मले काय होते? दाने तिच्या घरी शिजनार हायेत, मी नाई. खुर्चीची जागा धुवून काढ सूनबाई, अन् कट्टे तठी लाव."

ज्या बाईनं त्या टाकीतलं पाणी ओठाला लावलं नव्हतं, ती त्या खुर्चीवर झोपायला तयार झाली होती. मी कौतुक वगैरे केलं नाही, पटकन कामाला लागले. न जाणो, मत बदललं तर. कोपरा धुवायला टाकीचं पाणी घ्यायला हे निघाले, त्यांना अडवलं. टाकी उजवीकडे आहे, ते वजन आपल्याला लागतं. डावीकडचा पिण्याचा कॅन घेतला आणि त्यातलं बरंचसं पाणी तिथे ओतलं. आईंनी बटव्यातून हळद काढली, ती शिंपडली. हळदीनं काय होतं ते मला माहीत नाही, पण हळदीला वजन नसतं, तेव्हा माझी हरकत नव्हती.

मग आम्ही नवरा-बायकोनं कट्टे ओढले. जड ते खाली, चाकाच्या वर, जरासं पुढे. वरून हलकं सामान. खुर्ची खाटेखाली. शेवटी अर्धी भरलेली बाटली डब्ब्याच्या तळाला आडवी ठेवून पाहिली. पाण्याची कड एका बाजूला सरकली, म्हणून अजून एक कट्टा इकडचा तिकडे केला. बाटलीतलं पाणी सरळ झालं. मागून पाहिलं, डब्बा सरळ उभा. टायर निवेपर्यंत आम्ही पळसाखाली बसून घाटंजीहून बांधून दिलेले धपाटे खाल्ले.

पुढे हे वेग वाढवू देईनात स्वतःलाच. पांढरकवड्याच्या अलीकडे पुन्हा एक ट्रक बाजूनं गेला. मी सीट धरून ठेवली. डब्ब्यानं एकदा अंग हलवलं आणि तो मुकाट्यानं मागे चालू लागला. यांनी थोडा वेळ जाऊ दिला, मग खिशातली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढून सोडली. म्हणजे सगळं ठीक होतं.

मावशी घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसली होती. सकाळपासून बसली होती म्हणे. तिला उठता येईना, आईंना घाई करता येईना. आई वॉकर टेकवत, टेकवत अंगण चालून गेल्या. सगळं घर उभं राहून पाहत होतं.

"किती जाडी झाली वं बाई तू," मावशी म्हणाली.

"अन् तू तं पऱ्हाटीची काडी झाली," आई म्हणाल्या, आणि तिच्या हाताला धरून बाजूला टेकल्या.  मी सामान उतरवायला गेले.

मावशीचा मुलगा पहिला कट्टा घेऊन घरात निघाला तेव्हा आईंनी त्याला थांबवलं. हे मला डोळ्यांनी खुणावत होते की तिला गप्प कर. पण आई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. "आंदी आयक," त्या बहिणीला म्हणाल्या, "हे दाने कुठं ठेवलते ते," आणि सगळं सांगितलं. खुर्ची, कोपरा, हळद.

मावशीनं ऐकून घेतलं. दाण्यांबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. म्हणाली, "कोनती खुर्ची? दाखव."

खुर्ची अंगणात आली. मावशीनं तिचे हात दाबून पाहिले, पाय हलवून पाहिले. "याच्यावरून उठता येते का वं? कोनाले न धरता?"

"येते तं. मी नाई का उठत?"

"मंग आंदी काहून नाई सांगतलं?" मावशी एकदम चिडली. "मी तुह्याकडं काहून येत नोती, तुले काय वाटलं? मले काय तुह्या घरचं गोड लागत नोतं?"

आई तिच्याकडे पाहतच राहिल्या. दोघी रोज फोनवर बोलत होत्या. म्हैस, भाजी, जावयाची बदली, सगळं बोलत होत्या. नेमकी ही एक गोष्ट दोघींनी एकमेकींपासून लपवली होती. आई आधी हसल्या. मग मावशी हसली. मग दोघी पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की घरातल्या सुना दाराशी आल्या. कट्टा खांद्यावर घेतलेला मुलगा तसाच उभा. त्याला मावशी म्हणाली, "जाय ना आत. दळल्यावर पिठाले काय मालूम?"

परत निघालो तेव्हा मावशी आमच्यासोबत होती. जीपच्या मधल्या सीटवर दोघींची सोय करायला मला उशांची बरीच मांडामांड करावी लागली. एकीचा पाय मुडपत नाही, दुसरीचा सरळ होत नाही, त्यामुळे उलट जमलं. माहेरून आलेलं तसंच परत पाठवत नाहीत, म्हणून मावशीच्या घरानं तांदूळ, मोहफुलं, जवस आणि कसले कसले कट्टे बाहेर काढले. मावशीचा थोरला मुलगा पहिला कट्टा घेऊन डब्ब्यात शिरला आणि आडोसा पाहून इतरांसारखाच डावीकडे वळला.

"तिकडं सारे नोको!" जीपमधून आई ओरडल्या. "एक इकडं, एक तिकडं. नाई तं डब्बा झोल घेते."

त्यानं तसं केलं. शेवटी खुर्ची हातात घेऊन तो दाराशी आला. "अन् हे कुठं ठेवू मोठेमाय?"

"मधात. चाकाच्या वर."

"दान्यायच्या मधात?" तो माझ्याकडे बघायला लागला. "खायचं हाय ना ते?"

"खानाऱ्या आमी दोघी हावोत," आई म्हणाल्या. "तू ठेव. अन् बांध तिले चांगली."